मोठे सिक्लिड आणि त्यांचे शेजारी : खान्देशातील घरगुती मत्स्यालयांच्या संदर्भात

मोठ्या सिक्लिड माशांबरोबर एकाच टाकीत दुसरे कोणते मासे नांदू शकतात, या प्रश्नाचे उत्तर बहुधा जातींच्या यादीने दिले जाते : अमुक चालतो, तमुक चालत नाही. अशी यादी पाठ करून टाकी भरणाऱ्याच्या पदरी वर्षभरात निराशा येते, कारण यादीत माशाचे नाव असते, पण टाकीची लांबी, पाण्याचा स्वभाव, उन्हाळ्यातले तापमान आणि मासा पूर्ण वाढल्यावरचा त्याचा आकार यांपैकी काहीच नसते. जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांत तर या चार गोष्टींचे महत्त्व कोकणातील किंवा पुण्यातील शौकिनापेक्षा अधिक आहे. म्हणून सोबत्याचा प्रश्न आधी जागेचा आणि पाण्याचा प्रश्न म्हणून मांडावा आणि जातींची निवड त्यानंतर करावी, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

सिक्लिड हे गोड्या आणि काही प्रमाणात मचूळ पाण्यात राहणाऱ्या माशांचे एक विस्तीर्ण कुळ असून त्याच्या सतराशेच्या आसपास जातींचे शास्त्रीय वर्णन झालेले आहे. आफ्रिका, मध्य व दक्षिण अमेरिका, मादागास्कर, पश्चिम आशियाचा काही भाग आणि दक्षिण भारत-श्रीलंका हा त्यांचा नैसर्गिक प्रदेश होय. शोभेचे म्हणून विकले जाणारे एंजल आणि डिस्कस हेही याच कुळातले, आणि बाजारात खाण्यासाठी मिळणारी तिलापिया किंवा चिलापीही याच कुळातली. या माशांच्या तोंडातील जबड्यांखेरीज घशातही जबड्यांची दुसरी जोडी असते. पुढच्या जबड्याने भक्ष्य पकडायचे आणि मागच्याने ते चिरडायचे अशी कामाची वाटणी झाल्यामुळे या कुळाला नाना प्रकारच्या अन्नावर जगता आले, असे अभ्यासक मानतात. दुसरे वैशिष्ट्य म्हणजे अपत्यसंगोपन. बहुतेक मासे अंडी टाकून निघून जातात, सिक्लिड मात्र अंड्यांची आणि पिलांची राखण करतात, आणि राखण करायची तर जागा राखावी लागते. ज्याला शौकीन ‘भांडखोरपणा’ म्हणतात तो मुळात हद्द सांभाळण्याचा व्यवहार आहे. नदीत हरलेला मासा दहा-वीस फूट दूर पळतो आणि भांडण तिथेच मिटते. टाकीत मात्र पळायला जागाच नसल्यामुळे जिंकणाऱ्याला समोरचा हरला आहे हे कधी कळत नाही आणि मारहाण चालूच राहते.

या वर्तनावर गेल्या शतकात बराच ऊहापोह झाला आहे आणि तो शौकिनालाही उपयोगी पडणारा आहे. प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेंट्स यांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आक्रमकतेवरील आपल्या ग्रंथात सिक्लिडांचा दाखला दिला होता. आक्रमक प्रेरणा आत साठत जाते आणि तिला वाट हवी असते, म्हणून जोडीला शेजाऱ्यांपासून तोडून एकटे ठेवले तर नर आपल्याच मादीवर तुटून पडतो, अशी त्यांची मांडणी होती. ॲन रासा यांनी १९६९ मध्ये नारिंगी क्रोमाइड या भारत-श्रीलंकेतील सिक्लिडावर केलेल्या प्रयोगांनी या मांडणीला काहीसे बळ दिले, कारण भांडायला शेजारी नसलेल्या जोड्यांचे प्रजनन तुलनेने बिघडलेले दिसले. शौकिनांमध्ये रूढ झालेली ‘लक्ष्य-मासा’ ही कल्पना, म्हणजे जोडीचा राग काढण्यासाठी काचेपलीकडे तिसरा मासा ठेवण्याची पद्धत, याच विचाराशी जुळणारी आहे. मात्र हायलिगेनबर्ग आणि क्रामर यांनी १९७२ मध्ये टांगानिका सरोवराकाठच्या एका सिक्लिडावर केलेल्या अभ्यासात उलट चित्र दिसले : एकट्या ठेवलेल्या नराची हल्ल्याची तयारी दिवसेंदिवस ओसरत गेली आणि दुसरे प्रौढ मासे दृष्टीस पडताच ती वाढली. म्हणजे राग आत साठत नाही, तो समोरच्या दृश्याने चेततो. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी सर्व जातींना लागू पडत नसले तरी टाकी मांडणाऱ्यासाठी दुसरा अधिक कामाचा आहे, कारण दगड, लाकूड आणि कुंड्यांची खापरे लावून नजरेची रेषा तोडली की भांडणे कमी होतात, हा व्यवहारातील अनुभव त्यातून समजतो. रोनाल्ड ओल्डफिल्ड यांनी २०११ मध्ये मिडास सिक्लिडाच्या पिलांवर केलेला अभ्यास आणखी रोखठोक आहे. लहान टाक्यांमध्ये माशांची संख्या बदलून किंवा टाकी थोडीशी वाढवून आक्रमकतेत फारसा फरक पडला नाही. ती कमी झाली ती फक्त बऱ्याच मोठ्या आणि अडोशांनी भरलेल्या टाकीत. दोन फुटांची टाकी अडीच फुटांची केल्याने प्रश्न सुटेल, हा समज यावरून सोडून द्यावा लागतो.

‘मोठा सिक्लिड’ कोणाला म्हणावे याची काटेकोर व्याख्या नाही. वीस सेंटिमीटरच्या पुढे वाढणारा तो मोठा, असे धरले तर ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, जॅक डेम्प्सी, टेक्सास, ग्रीन टेरर, सेव्हेरम आणि आफ्रिकेतील फ्रोंटोसा हे त्यात येतात. जॅग्वार आणि डोव्ही यांसारखे मध्य अमेरिकेतील शिकारी मासे त्यांच्याही पुढचे आहेत. डोव्ही सत्तर सेंटिमीटरपर्यंत वाढत असल्यामुळे घरगुती टाकीच्या चर्चेत त्याला स्थानच नसावे.

येथे गणित मांडणे इष्ट ठरेल. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. तीन फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंदी-उंचीच्या टाकीत सुमारे १९० लिटर. चार फुटांच्या तशाच टाकीत सुमारे २५५ लिटर. आणि सहा फूट बाय दोन फूट बाय दोन फूट टाकीत सुमारे ६८० लिटर. तीस सेंटिमीटर वाढलेल्या एका ऑस्करला तीन-चार फुटांची टाकी ही किमान गरज आहे, सोबत्यांसाठी त्यात शिल्लक उरत नाही. सोबतीचा विचार खऱ्या अर्थाने सहा फुटांपासून सुरू होतो, आणि तेव्हा ६८० किलो पाणी, काच, वाळू, दगड आणि स्टँड मिळून वजन टनाच्या जवळ जाते. खान्देशातील जुन्या धाब्याच्या घरांत किंवा माडीवर एवढा भार ठेवणे धोक्याचे असल्याने मोठी टाकी तळमजल्यावर, भिंतीलगत आणि पक्क्या जमिनीवरच बसवावी लागते.

पाण्याचा विचार करता खान्देश दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आणि तापीकाठच्या गाळाच्या जमिनीचा प्रदेश आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात, म्हणजे पाणी जड असते, आणि त्याचा सामू, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारे मापन, सातच्या वर राहतो. या पाण्याचे दोन परिणाम होतात आणि ते एकमेकांविरुद्ध जातात. मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील जॅक डेम्प्सी व टेक्सास आणि आफ्रिकेतील मलावी व टांगानिका सरोवरांचे मासे अशाच पाण्यातले असल्यामुळे त्यांना ते मानवते. ॲमेझॉन खोऱ्यातील ऑस्कर आणि सेव्हेरम ते सहन करतात, पण त्यांचे मूळचे पाणी हलके आणि किंचित आम्ल असते. दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. माशांच्या विष्ठेतून आणि श्वसनातून निघणारा अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, आणि त्यांपैकी विद्युतभार नसलेले रूप विषारी असते. तापमान २५ अंश असताना सामू ७ असेल तर एकूण अमोनियाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो आणि तापमान ३० अंश झाले की साडेसात टक्क्यांच्या घरात पोचतो. म्हणजे जेवढी घाण पुण्याच्या नळाच्या हलक्या पाण्यात निभावून जाते, तेवढीच भुसावळच्या बोअरच्या पाण्यात मे महिन्यात मासे मारू शकते. शिवाय पाणी उडून जाते तेव्हा क्षार मागे राहतात. त्यामुळे उन्हाळ्यात कमी झालेली पातळी बोअरच्या पाण्याने भरत गेल्यास टाकीतील जडपणा आठवड्यागणिक वाढतो. ही भर शुद्धीकरण यंत्राच्या, म्हणजे आरओच्या पाण्याने घालणे योग्य, आणि पाणी बदलणे ही वेगळी गोष्ट मानून ती चालू ठेवणे आवश्यक.

जळगाव शहराला वाघूर धरणाचे आणि धुळे शहराला तापी, नकाणे तलाव यांसारख्या स्रोतांचे पाणी मिळते, परंतु ते रोज येत नाही. सहा फुटांच्या टाकीचे आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचे तर १७० लिटर पाणी लागते, आणि काही दिवसांच्या अंतराने नळ येणाऱ्या घरात ते काढून ठेवणे ही कुटुंबाच्या संमतीची बाब होते. साठवलेल्या पाण्यातील क्लोरीन उघड्या पिंपात दिवसभरात बरेच उडून जाते, एवढा या टंचाईचा एक फायदा मात्र आहे. टाकीतून काढलेले पाणी नत्रयुक्त असल्याने ते परसातील झाडांना घालता येते.

उष्णतेचा मुद्दा सोबत्यांच्या संख्येशी थेट निगडित आहे. पाणी जितके तापते तितका प्राणवायू त्यात कमी विरघळतो : २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.५ आणि ३५ अंशांना जेमतेम ७. त्याच वेळी माशांची प्राणवायूची गरज मात्र वाढते. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा बंद खोलीतील लहान टाकी ३३-३४ अंशांपर्यंत सहज तापते, आणि जानेवारीतील एखाद्या पहाटे धुळ्याचे किमान तापमान १० अंशांखाली उतरले की हीटर नसलेल्या टाकीत ऑस्कर आजारी पडतो. पाणी १३ अंशांच्या आसपास आले तर तो जगत नाही. खान्देशाच्या हवेने दिलेली एक सवलतही नोंदवायला हवी. एप्रिल-मे महिन्यांत ही हवा अत्यंत कोरडी असल्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर साधा पंखा सोडला तरी बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरते; मुंबईच्या दमट हवेत हा उपाय एवढा चालत नाही, आणि खान्देशातही पावसाळ्यात तो निरुपयोगी ठरतो. वीज गेल्यावर मात्र पंखा, पंप आणि गाळणी सगळेच थांबते. गाळणीतील अमोनिया पचवणारे जिवाणू वाहत्या पाण्याशिवाय काही तासांत गुदमरू लागतात, आणि मासे जितके जास्त तितका प्राणवायू लवकर संपतो. म्हणून भारनियमनाच्या गावात बॅटरीवर चालणारा हवेचा पंप ही चैन नाही, आणि सोबत्यांची संख्या ठरवताना टाकी वीज असताना किती मासे सांभाळते यापेक्षा वीज गेल्यावर पहिले चार तास किती सांभाळेल हे पाहावे.

एवढे झाल्यावर जातींकडे वळता येते. ऑस्कर, शास्त्रीय नाव ॲस्ट्रोनोटस ऑसिलेटस, हा १८३१ मध्ये वर्णिला गेलेला दक्षिण अमेरिकी मासा त्याच्या आकाराच्या मानाने फारसा भांडखोर नाही. तो खादाड आहे. जे तोंडात मावते ते अन्न, हा त्याचा नियम, त्यामुळे दुकानातून पाच सेंटिमीटरचा असताना आणलेला ऑस्कर गप्पी आणि मोलींबरोबर काही आठवडे शांत दिसतो आणि नंतर टाकीतले मासे एकेक कमी होऊ लागतात. लहानपणी तो महिन्याला दोन-अडीच सेंटिमीटर वाढतो. सोबत्याची वाढ मंद असेल तर बरोबरीने आणलेली जोडी सहा महिन्यांत भक्षक आणि भक्ष्य अशी होते. फ्लॉवरहॉर्न हा निसर्गात कोठेच न आढळणारा, १९९० च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकी सिक्लिडांच्या संकरातून पुढे आलेला मासा आहे. डोक्यावरील उंचवट्यामुळे आणि शुभशकुनाच्या कल्पनांमुळे तो महाराष्ट्रातही दिवाणखान्यात पोचला. स्वतःच्या प्रतिबिंबावर तुटून पडणाऱ्या या माशाला सोबती शोधणे हा प्रश्नच चुकीचा आहे, तो एकटाच ठेवावा. अपवाद शोधण्याची हौस बहुधा सोबत्याच्या जिवावर बेतते. याउलट पॅरट या नावाने विकला जाणारा, तैवानमध्ये निपजलेला संकर वाकड्या तोंडामुळे नीट चावूच शकत नाही, म्हणून त्याला आक्रमक जातींबरोबर ठेवणे क्रूरपणाचे होय. सेव्हेरमसारख्या सौम्य माशाबरोबर तो बरा राहतो. आकारावरून स्वभाव ठरवू नये याचा उत्तम दाखला म्हणजे पट्टेरी कॉन्व्हिक्ट : जेमतेम दहा-बारा सेंटिमीटरची ही जोडी पिलांसह असताना दुप्पट मोठ्या माशांना टाकीच्या एका कोपऱ्यात कोंडून ठेवते.

मलावीच्या खडकाळ किनाऱ्यावरील लहान सिक्लिडांसाठी शौकीन मुद्दाम दाटी करतात, जेणेकरून मार एकाच माशावर न पडता वाटला जावा. ही युक्ती दहा सेंटिमीटरच्या माशांची आणि जोरकस गाळणीची आहे. तिचे अनुकरण ऑस्कर-टेक्सासच्या टाकीत करणे, आणि तेही खान्देशाच्या उन्हाळ्यात, म्हणजे वर सांगितलेल्या अमोनिया आणि प्राणवायूच्या दोन्ही अडचणी आपण होऊन ओढवून घेणे होय.

मग चांगला सोबती कोणता? तो तोंडात मावू नये, पाण्याच्या वेगळ्या थरात वावरणारा असावा, रंगरूपाने सिक्लिडासारखा दिसू नये आणि त्याला तेच पाणी, तेच तापमान मानवावे. मधल्या थरात थव्याने फिरणारे सिल्व्हर डॉलर या कसोटीला उतरतात. पंधरा सेंटिमीटरच्या आसपास वाढणारा, चकतीसारख्या उंच शरीराचा हा मासा गिळायला अवघड असतो आणि तोही दक्षिण अमेरिकेचाच. मोकळ्या पाण्यात निर्धास्त फिरणारा थवा पाहून दबकून बसलेला सिक्लिड धीट होतो, कारण थवा बिथरलेला नसणे म्हणजे आसपास धोका नसणे. अशा माशांना शौकीन ‘डिदर’ म्हणतात, आणि ‘धीर देणारे मासे’ असे त्यांचे काम सांगता येईल. टिनफॉइल बार्ब हाही असाच, पण तो तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि पाच-सहांच्या थव्याला सहा फुटांची टाकीसुद्धा अपुरी पडते. बाला शार्क बुजरा आहे; आवाजाने उसळून काचेवर आपटतो.

तळाच्या थरासाठी ‘सकर’ हा मासा जवळजवळ प्रत्येक दुकानात ‘टाकी साफ करणारा’ म्हणून गळ्यात मारला जातो. तो शेवाळ खरवडतो हे खरे, पण टाकी साफ करत नाही. चाळीस सेंटिमीटरपर्यंत वाढत जाणारा हा मासा स्वतःच भरपूर विष्ठा टाकतो आणि उपाशी राहिल्यास रात्री ऑस्करसारख्या चपट्या, संथ माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर चोखतो. त्याच्या कवचामुळे मोठे सिक्लिड त्याला इजा करू शकत नाहीत, म्हणून सहा फुटांच्या टाकीत एक, पोटभर खाऊ घातलेला, एवढ्यापुरता तो स्वीकारार्ह ठरतो. कोरिडोरास आणि ओटोसिंक्लस हे छोटे कवचधारी मासे मात्र कधीही ठेवू नयेत, कारण गिळताना त्यांचे काटे घशात अडकून गिळणाराही मरतो. आफ्रिकेतील सिनोडोंटिस हे पाठीवर उलटे पोहण्यासाठी प्रसिद्ध असलेले मार्जारमीन जड पाण्यात चांगले टिकतात आणि फ्रोंटोसाच्या टाकीला साजतात. तापीच्या खोऱ्यातील लोकांना खाण्यासाठी परिचित असलेली वाम शोभेच्या बाजारात ‘टायर ट्रॅक ईल’ नावाने फिरते. ती खान्देशाच्या पाण्याला सरावलेली असली तरी दोन फुटांच्या पुढे वाढते आणि झाकणाच्या फटीतून बाहेर पडते.

टाळण्याच्या माशांविषयी विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. सोनमासा थंड पाण्याचा आणि संथ असतो. शिवाय त्याच्या शरीरातील थायामिनेज हे विकर ब-१ जीवनसत्त्व नष्ट करत असल्याने त्याच्यावर पोसलेला शिकारी मासाही खंगतो. ‘शार्क’ म्हणून विकले जाणारे चंदेरी पिलू म्हणजे मासळीबाजारातला पंगसच, तो मीटरभर वाढतो. रेडटेल कॅटफिशही तसाच, आणि तो वाटेत येईल ते गिळतो. पिरान्हा म्हणून कौतुकाने दाखवला जाणारा मासा अनेकदा रूपचंद, म्हणजे पाकू, असतो. ओढ्यातून पकडून आणलेली चिलापी फुकट मिळते, पण तिच्याबरोबर माशांवरील उवा आणि नांगरकृमी हे परजीवी टाकीत शिरतात.

निवड नीट झाली तरी मासे सोडण्याचा क्रम चुकल्यास ती वाया जाते. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टबमध्ये ठेवावा; सर्व मासे शक्यतो लहान असतानाच एकदम सोडावेत, आणि ते न जमल्यास सर्वांत आक्रमक जात शेवटी घ्यावी. जुन्या टाकीत नवा मासा घालायचा तर आधी दगड-लाकडांची मांडणी बदलावी, म्हणजे कोणाचीच ठरलेली हद्द उरत नाही. कडा फाटलेले पर, पृष्ठभागाशी कोपऱ्यात खिळून राहणे आणि अन्नाला न येणे ही छळाची लक्षणे होत. ती दिसताच जाळी किंवा काच टाकून वेगळे करणे आणि मासा परत करणे एवढेच मार्ग उरतात.

परत करणे जमले नाही की मासा तलावात सोडला जातो, आणि या चुकीची किंमत जळगावचा मेहरूण तलाव किंवा धुळ्याचा नकाणे तलाव यांसारख्या पाणवठ्यांना मोजावी लागू शकते. मोझांबिकची तिलापिया १९५२ मध्ये भारतात आणली गेली आणि आज ती देशभरातील जलाशयांत स्थानिक माशांशी स्पर्धा करत आहे. सकर मासेही अनेक राज्यांतील नद्या-तलावांत रुजले आहेत. पनामातील गातून तलावात १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात शिरलेल्या पीकॉक बास या मोठ्या सिक्लिडाने काही वर्षांतच तेथील बहुतेक स्थानिक लहान मासे संपवले, हे १९७३ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात नोंदलेले आहे.

परदेशी माशांच्या या गर्दीत भारतीय सिक्लिडांकडे मात्र खान्देशातील शौकिनांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. केरळात करिमीन आणि गोव्यात काळुंदर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशाला बर्लिनचे वैद्य आणि मत्स्यतज्ज्ञ ब्लॉख यांनी १७९० मध्ये जे जातिनाम दिले ते तापीच्या मुखावरील सुरत शहरावरून : सुरातेन्सिस (आजचे पूर्ण नाव एट्रोप्लस सुरातेन्सिस). वीस-पंचवीस सेंटिमीटर वाढणारा हा मोठा क्रोमाइड मुळात खाडी-खाजणातला असल्यामुळे त्याला जड, क्षारयुक्त आणि कोमट पाणी चांगले सोसते, म्हणजे बोअरच्या पाण्याचा जो दोष ऑस्करला जाचतो तो याच्या पथ्यावर पडतो. त्याचा निसर्गातील सोबती म्हणजे आठ सेंटिमीटरचा नारिंगी क्रोमाइड. त्याची पिले मोठ्या क्रोमाइडच्या परांवरील रोगट ऊती आणि बुरशी टिपून खातात, असे वायमन आणि वॉर्ड यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले. मोठ्या आणि लहान सिक्लिडाचा असा जमलेला संसार मोजक्याच ठिकाणी पाहायला मिळतो. चार-पाच फुटांच्या टाकीत मोठ्या क्रोमाइडची चार पिले आणि नारिंगी क्रोमाइडचा लहान थवा ही जुळणी खान्देशाच्या पाण्यात करून पाहण्याजोगी आहे. मोठ्या क्रोमाइडने अंडी घातल्यावर मात्र हाच सफाई करणारा नारिंगी क्रोमाइड ती अंडी आणि पिले खाऊ लागत असल्यामुळे तेव्हा त्याला वेगळ्या टाकीत हलवावे लागते.